प्रशिक्षण, पतपुरवठा आणि पाठराखण

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना कोणत्याही न्यासाच्या अहवालात मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, पाठशाळा, चातुर्मासाची व्यवस्था, गुणवंतांचा सत्कार आणि गरजूंना औषधोपचारासाठी साहाय्य ही कामे अग्रभागी येतात आणि ते योग्यच आहे. परंतु या अहवालात एका युवकाचे नाव सहसा आढळत नाही. तो गुणवंत नसल्याने सत्काराच्या यादीत नसतो, आजारी नसल्याने साहाय्याच्या यादीत नसतो. बारावी किंवा पदवी कशीबशी पदरात पडलेली, वडिलांचे किराण्याचे वा कापडाचे दुकान दोन कुटुंबांचा भार पेलू शकत नाही, शेती नाही, स्पर्धा परीक्षांत निभाव लागत नाही. आणि ‘जैनाच्या मुलाला काय कमी?’ या लोकसमजुतीमुळे अडचण चारचौघांत सांगण्याचीही सोय नाही. तुमसर, साकोली, पवनी, लाखनी, कोठेही पाहावे, असा युवक दिसतो. बहुधा तो नागपूरला एखाद्या दुकानात विक्रेता म्हणून लागतो आणि पर्युषणात चार दिवस गावी येतो.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या युवकाशी निगडित आहे. शासनाच्या रोजगार प्रशिक्षणाच्या आणि लघुउद्योगांना कर्जसाहाय्य देणाऱ्या योजना भंडारा जिल्ह्यात कोणत्या मार्गाने पोहोचतात, कोठे अडतात आणि समाजाने नेमका कोठे हात घालावा, याचा हा विचार आहे.

पेढी हीच पाठशाळा

मारवाड, गुजरात, बुंदेलखंड, वऱ्हाड अशा निरनिराळ्या भागांतून वैनगंगेच्या काठी आलेल्या जैन कुटुंबांचा व्यापार कसा उभा राहिला, याची कहाणी घरोघरी थोड्याफार फरकाने सारखीच सांगितली जाते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा नात्यातील एखाद्या पेढीवर येई. पहिली दोन वर्षे झाडलोट करणे, गाद्या घालणे, गोदामातील पोती मोजणे आणि उधारीच्या तगाद्यासाठी गावोगाव हिंडणे, एवढेच काम. रात्री मुनीमजी त्याला रोजमेळ आणि खतावणी शिकवीत. कोणते गिऱ्हाईक दिवाळीला देते, कोणते धान निघाल्यावर देते आणि कोणाला उधार मुळीच देऊ नये, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते पेढीवर बसूनच मिळे. पाच-सात वर्षांनी शेटजी त्याला एखाद्या बाजाराच्या गावी स्वतंत्र बसवीत. भांडवल रोखीने मिळत नसे. माल उधारीवर मिळे आणि हंगामाला हिशेब होई. पहिल्या वर्षी तोटा आला तर शेटजी रागावत, परंतु माल बंद करीत नसत. अधूनमधून येऊन ते वह्या पाहून जात, आणि चूक कोठे झाली ते दाखवून देत.

या व्यवस्थेत तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या: काम शिकणे, भांडवल मिळणे आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणीतरी पाठीशी उभे असणे. पुढे शासनाने जे जे केले, ते या तिन्हींपैकी काय साधले आणि काय निसटले या कसोटीवर पाहिले तर बराच उलगडा होतो.

मात्र त्या जुन्या पेढीचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा दरवाजा नातलगांना उघडा होता. भंडाऱ्याच्या कासाराच्या, पवनीच्या कोष्ट्याच्या वा कोसा पिकविणाऱ्या धिवराच्या मुलाला तो उघडा नव्हता. त्याच पेढीवर पेरणीसाठी उचल घेणाऱ्या शेतकऱ्याचा अनुभवही निराळा होता. हा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मध्यप्रांत सरकारला १९३३ साली कर्ज समेट कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे.

म्हैस आणि अनुदान

पेढीबाहेरच्या माणसाला भांडवल मिळावे हा विचार शासनाच्या पातळीवर बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर रुजला. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींतून अग्रणी बँकेची कल्पना पुढे आली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी असे ठरले आणि भंडारा जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ इंडियाचे नाव आले. १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देणारी ‘ट्रायसेम’ योजना आली, आणि २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातील सर्व विकास गटांत लागू झाला. लहान शेतकऱ्यास २५ टक्के, अल्पभूधारक व मजुरास एक-तृतीयांश आणि अनुसूचित जमातींतील कुटुंबास ५० टक्के अनुदान, उरलेले बँकेचे कर्ज, अशी ती रचना होती.

हेतू निर्मळ होता. परंतु प्रशिक्षण एका खात्याकडे, कर्ज दुसरीकडे आणि पाठराखण कोणाकडेच नाही, असे झाले. शिवणकाम शिकलेल्या मुलीला शेळ्यांचे कर्ज मिळाले आणि ज्याच्या गावात चारा नाही त्याला म्हैस. एकच म्हैस चार खुंट्यांवर दाखविल्याच्या कथा त्या काळी देशभर प्रचलित होत्या. कर्ज ही परत करावयाची रक्कम आहे, ही भावनाच क्षीण झाली. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ झाली. त्या माफीने अनेक गांजलेल्या कारागिरांना श्वास घेता आला, हे खरे. परंतु ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडले होते, तो गावात मूर्ख ठरला. १ एप्रिल १९९९ रोजी हे दोन्ही कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाले. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ मे १९९९ रोजी, गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि मूळ भंडारा जिल्ह्याची राइस मिलची मोठी पेठ नव्या जिल्ह्यात गेली. तेव्हापासून भंडाऱ्याच्या युवकाला रोजगाराचे क्षेत्र आणखी आखूड झाले.

उजिरेचा प्रयोग

या अपयशावरील उपाय मात्र कर्नाटकातील एका लहानशा गावी १९८२ सालीच सुरू झालेला होता आणि त्याची हकीकत जैन समाजाने विशेष आस्थेने ऐकावी अशी आहे.

दक्षिण कन्नड जिल्ह्यातील धर्मस्थळ हे क्षेत्र सर्वांस ठाऊक आहे. मंजुनाथ स्वामींचे देवस्थान शैव, पूजाअर्चा वैष्णव पुजाऱ्यांकडे आणि व्यवस्थापन जैन हेग्गडे घराण्याकडे, असा विलक्षण मिलाफ तेथे आहे. डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी १९६८ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, धर्माधिकारीपदाची सूत्रे स्वीकारली. कारकळ येथे घडविलेली भगवान बाहुबलींची ३९ फुटी अखंड पाषाणमूर्ती १९७३ साली धर्मस्थळी आणण्यात आली आणि १९८२ साली तिची प्रतिष्ठापना झाली. दर्शनास जाणारे यात्रेकरू ती मूर्ती डोळ्यांत साठवून परततात. परंतु त्याच वर्षी, धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी, देवस्थानाचा शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक या तिघांनी मिळून ग्रामीण बेरोजगारांसाठी एक प्रशिक्षण संस्था काढली. तिचे संक्षिप्त नाव ‘रुडसेटी’. तिकडे यात्रेकरूंचे पाय फारसे वळत नाहीत.

यातील सिंडिकेट बँकेविषयी एक अवांतर गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२५ साली उडुपी येथे ती स्थापन झाली तीच अडचणीत आलेल्या हातमाग विणकरांना साहाय्य करण्याच्या उद्देशाने. १९२८ साली तिने घरोघर जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. महाराष्ट्रातील प्रत्येक पतसंस्थेचा ‘पिग्मी एजंट’ दुकानादुकानांतून हिंडतो, त्याच्या नावाचे मूळ तेथे आहे. ही बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली.

उजिरेच्या पद्धतीत नवे असे काय होते? पाहू गेल्यास फार थोडे. प्रशिक्षण मोफत आणि निवासी. मुदत थोडकी, आठवड्यांत मोजण्याइतकी. तुकडी पंचवीस-तीस जणांची, म्हणजे प्रत्येकाचे नाव शिक्षकाला पाठ असावे इतकी. हाताचे कौशल्य तर शिकवायचेच, पण त्याबरोबर बाजाराची पाहणी, किंमत कशी ठरवावी, हिशेब कसा ठेवावा, बँकेत कसे बोलावे, हेही शिकवायचे. दररोज सकाळी आदल्या दिवशी काय शिकलो ते प्रशिक्षणार्थीने उभे राहून सांगायचे. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या मनाला ही रीत परकी वाटू नये! आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर संस्थेचा संबंध संपत नाही. पुढे दोन वर्षे प्रशिक्षणार्थीचा पाठपुरावा होतो. त्याचे कर्जप्रकरण बँकेत कोठे अडले, यंत्र आले की नाही, गिऱ्हाईक येते की नाही, याची विचारपूस चालू राहते.

जुन्या पेढीतील मुनीमजी आणि शेटजी येथे पुन्हा भेटतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की येथे नाते विचारले जात नाही.

केंद्र शासनाच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने २००९ साली हाच नमुना स्वीकारला आणि प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजेच ‘आरसेटी’, स्थापन करण्याचे ठरविले. जागा राज्याने द्यावी, इमारतीसाठी केंद्राने अनुदान द्यावे आणि संस्था त्या जिल्ह्यातील बँकेने चालवावी, अशी विभागणी झाली. देशभरात अशा संस्थांची संख्या सहाशेच्या आसपास पोहोचली आहे. भंडाऱ्याची संस्था बँक ऑफ इंडियाची; तिचे नाव स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था. या संस्थांच्या ठरावीक अभ्यासक्रमांत दुग्धव्यवसाय, शेळीपालन, पापड-लोणची-मसाले हे १० दिवसांचे, तर शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, घरगुती वीजजोडणी, दुचाकी दुरुस्ती हे ३० दिवसांचे वर्ग असतात. वय साधारणतः १८ ते ४५. दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण कुटुंबांना प्राधान्य आहे, परंतु इतरांना दार बंद नाही.

एका जैन धर्माधिकाऱ्याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयोगाची ही शाखा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि समाजातील किती घरांना ती ठाऊक आहे, हा प्रश्न सभेत विचारून पाहण्यासारखा आहे.

अनुदान हातात येत नाही

प्रशिक्षणानंतर भांडवलाचा प्रश्न येतो. येथे योजनांची नावे इतकी आहेत की ऐकणाऱ्याने गोंधळून जावे. सर्वांची यादी देण्याऐवजी एकच योजना नीट समजून घेणे अधिक हिताचे. १९९३ साली सुरू झालेली पंतप्रधान रोजगार योजना आणि खादी आयोगाची ग्रामीण रोजगार योजना यांचे एकत्रीकरण होऊन २००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम अस्तित्वात आला. खादी आयोग, राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र या तीन यंत्रणा तो राबवितात. प्रारंभी निर्मिती उद्योगाच्या प्रकल्पाची मर्यादा २५ लाख आणि सेवा उद्योगाची १० लाख होती. २०२२ साली त्या अनुक्रमे ५० लाख व २० लाख झाल्या आणि कार्यक्रमाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्र शासनाने याच धर्तीवर २०१९ साली मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी चालू वर्षाचा नियम जिल्हा उद्योग केंद्रातच विचारावा. चहाच्या टपरीवर विचारू नये.

समजा, लाखांदूर तालुक्यातील एखाद्या गावी एका भगिनीला पोह्यांची लहान गिरणी घालावयाची आहे आणि प्रकल्पाचा खर्च १० लाख रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांचा समावेश विशेष प्रवर्गात होतो. या प्रवर्गातील अर्जदाराने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार रुपये घालावयाचे. बँक ९ लाख ५० हजार मंजूर करते. ग्रामीण भागातील अनुदान ३५ टक्के, म्हणजे ३ लाख ५० हजार. सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदारास हेच अनुदान ग्रामीण भागात २५ टक्के व शहरी भागात १५ टक्के मिळते आणि त्याचा स्वतःचा वाटा १० टक्के असतो.

आता गैरसमज कोठे होतो ते पाहावे. हे साडेतीन लाख त्या भगिनीच्या हाती पडत नाहीत. ते तिच्या नावाने बँकेत तीन वर्षांच्या मुदत ठेवीत राहतात. या ठेवीवर तिला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावीत नाही. तीन वर्षे उद्योग चालू राहिला, प्रत्यक्ष तपासणी झाली, की ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. म्हणजे फेडावयाचे राहते ते सहा लाख. गिरणी पहिल्याच वर्षी बंद पडली तर अनुदान परत जाऊ शकते आणि कर्ज तेवढेच उभे राहते. ‘सरकार साडेतीन लाख देते’ असे सांगून पाच-दहा हजार उकळणारे दलाल याच अर्धवट माहितीवर जगतात. अर्ज भरण्यास दलाल लागत नाही. तो ऑनलाइन भरता येतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणीही पूर्णतः निःशुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.

उद्योजकता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र या कार्यक्रमात आवश्यक मानले गेले आहे. जुना धडा उशिरा का होईना, गिरविला गेला. एका घरातून पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो आणि उद्योग नवा असावा लागतो. चालू दुकानास नवी पाटी लावून भागत नाही.

या कार्यक्रमाच्या २००८ च्या नियमावलीत कोणत्या उद्योगांना साहाय्य नाही, त्याची एक यादी होती. मांसप्रक्रिया, मद्य, विडी, सिगारेट यांचा उल्लेख तीत होता. श्रावकाचारात वर्ज्य मानलेल्या धंद्यांशी ती यादी इतकी जुळते, की पाठशाळेतील मुलांना ती दाखवावी. पण हे सांगताना तेंदूपत्त्यावर आणि विडी वळण्यावर जगलेल्या जिल्ह्यातील स्त्रियांचा विसर पडता कामा नये. धंदा वर्ज्य ठरविणे सोपे. त्या हातांना दुसरे काम देणे हेच खरे अवघड.

लहान गरजेसाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तीत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ व १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे वर्ग होते. २०२४ साली, आधीचे ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, २० लाखांपर्यंतचा वर्ग वाढला. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, सोनार अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तीत प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, १५ हजारांची अवजारे, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाखांचे कर्ज, अशी तरतूद झाली. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांसाठी २०२० साली निघालेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके अनुदान ठेवण्यात आले. धानाच्या या जिल्ह्यात पोहे, मुरमुरे, तांदळाचे पापड करणाऱ्यांनी ती अभ्यासण्याजोगी आहे.

रांगेत उभे राहण्याचा संकोच

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक समुदाय म्हणून अधिसूचित केले. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० सालापासून होतेच. २०२४ साली जैन अल्पसंख्याक विकास आर्थिक महामंडळही स्थापन झाले. म्हणजे वर सांगितलेल्या विशेष प्रवर्गात जैन युवकाचाही समावेश होतो.

तरीही तो अर्ज करीत नाही. कारण संकोच. जिल्हा उद्योग केंद्राच्या बाकावर ओळखीचा कोणी भेटला तर काय म्हणेल, ही धास्ती मुलाला असते आणि त्याहून अधिक त्याच्या वडिलांना. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलाने सरकारी कर्ज काढले आहे’ हे वाक्य जड जाते. समाजातील मोठ्या व्यापाऱ्याने कोट्यवधींची कॅश क्रेडिट वापरली तर ती पत, आणि गरीब घरच्या मुलाने मुद्राचे दोन लाख घेतले तर ते कर्ज! ही भाषा बदलण्यास शासनाचा कोणताही निर्णय लागत नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्यांची परिस्थिती उत्तम आहे अशा घरांनी, केवळ अनुदान मिळते म्हणून, पत्नीच्या वा भाच्याच्या नावाने कागदोपत्री उद्योग दाखविणे हा अचौर्याणुव्रताचा भंगच होय. व्यवहारातील खोटे माप आणि राज्यनियमांचे उल्लंघन हे या व्रताचे अतिचार म्हणून पाठशाळेत शिकविले जातात. वाढवून दाखविलेले यंत्राचे बिल त्यात बसते की नाही, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. जिल्ह्याला मिळणारे उद्दिष्ट मर्यादित असते. कागदी गिरणीने खाल्लेली जागा एखाद्या खऱ्या गिरणीची असते.

बँकेला काय ठाऊक नसते

कर्जप्रकरण फेटाळले की दोष बँकेला देण्याची रीत आहे. काही वेळा तो योग्यही असतो. दहा लाखांपर्यंतच्या लघुउद्योग कर्जासाठी तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले आहे आणि अशा कर्जांच्या हमीसाठी २००० सालापासून स्वतंत्र विश्वस्त निधीही आहे. तरी ‘शेताचा सातबारा आणा, नोकरदार जामीन आणा’ असे ऐकून परतलेले अर्जदार भेटतात. परंतु व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसूनही क्षणभर पाहावे. तीन वर्षांपूर्वी तो परप्रांतातून आला, तीन वर्षांनी जाणार. समोरचा मुलगा कष्टाळू की उधळ्या, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. जुन्या शेटजींना हे पाच वर्षांच्या सहवासातून कळलेले असे. व्यवस्थापकाच्या हाती सिबिलचा कागद तेवढा असतो. ज्याने कधी कर्ज घेतले नाही त्याचा त्या कागदावर इतिहासच नसतो, आणि हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे दोन हप्ते चुकले असतील तर तेवढे मात्र ठळक दिसते. युवकांनी हे आजच ध्यानी घ्यावे.

बँकेला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते: तयार झालेला माल कोण घेणार. प्रकल्प अहवालात विक्रीचे आकडे असतात, पण ते बहुधा अहवाल तयार करून देणाऱ्याने एका नमुन्यावरून दुसऱ्यावर उतरविलेले असतात. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. ‘भाण’ या शब्दाशी शहराच्या नावाचा संबंध जोडला जातो. परंतु स्टीलने पितळेला स्वयंपाकघरातून बाहेर घालविले. आता कासाराच्या मुलाने पुन्हा घागरी घडवाव्या म्हणून कर्ज देणे म्हणजे त्याला खड्ड्यात लोटणे होय. पूजेची उपकरणे, समया, कलश, मंदिरातील घंटा यांना मात्र आजही मागणी आहे, आणि ही मागणी कोणाकडे आहे? मंदिरांकडे, न्यासांकडे. मोहाडी, आंधळगावच्या कोशाच्या वस्त्रांचेही तसेच. (रेशमाबाबत समाजाची अहिंसेच्या दृष्टीने असलेली भूमिका लक्षात घेता ते उदाहरण येथे पुढे नेण्याचे कारण नाही, पवनीच्या सुती विणकरांचा विचार अवश्य करावा.) महोत्सवातील सत्काराच्या शाली कोठून येतात आणि स्वामीवात्सल्याचे पापड-खाकरे कोठून येतात, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नव्याने उद्योग सुरू केलेल्या भगिनीच्या हाती दोनशे पापडांच्या पाकिटांची लेखी मागणी असेल, तर बँकेतील तिचे आसन थोडे बळकट होते.

न्यासापुढील काम

यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, समाजाची पतपेढी काढावी अशा सूचना सुवर्ण महोत्सवाच्या उत्साहात येतील. त्यांचा विचार घाईने न केलेला बरा. पैसा पुरविणाऱ्या यंत्रणा जिल्ह्यात आहेत. उणीव आहे ती मुनीमजींची.

समाजात निवृत्त बँक अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, चाळीस वर्षे दुकान चालविलेले व्यापारी आहेत. त्यांपैकी चार-पाच जणांनी महिन्यातील एका रविवारी, प्रवचनानंतर दोन तास, न्यासाच्या कार्यालयात बसावे. येणाऱ्याचा अर्ज भरून द्यावा, प्रकल्प अहवालातील आकडे तपासून पाहावेत, आणि जो उद्योग चालण्यासारखा नाही त्याला तसे तोंडावर सांगावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत उपकारक आहे. ज्याचे कर्ज मंजूर होईल त्याच्या वह्या पुढे दोन वर्षे कोणीतरी एकाने तीन-तीन महिन्यांनी पाहाव्यात. उजिरेने दोन वर्षांची मुदत ठरविली ती अनुभवाने. बहुतेक पडझड त्याच काळात होते.

हा रविवार केवळ समाजापुरता ठेवावा काय, यावर विश्वस्त मंडळात मतभेद होणे शक्य आहे. उजिरेच्या संस्थेने जात-धर्म विचारला असता तर ती देशाचा नमुना झाली नसती, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

आणखी एक लहानशी बाब. आरसेटीचे वर्ग निवासी असतात. परंतु जिल्हा उद्योग केंद्राच्या आणि १९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या वतीने भंडाऱ्यात होणाऱ्या काही वर्गांना राहण्याची सोय नसते. लाखांदूर किंवा साकोलीकडील मुलीला रोजचे जाणे-येणे परवडत नाही आणि घरचे परक्या ठिकाणी राहू देत नाहीत. मग नाव नोंदवूनही ती वर्गाला येत नाही. धर्मशाळेच्या खोल्या चातुर्मास आणि लग्नसराई वगळता बऱ्याच अंशी रिकाम्या असतात. वर्गाचे वेळापत्रक जिल्हा उद्योग केंद्राकडून आधी मागवून घ्यावे, आणि त्या दहा-पंधरा दिवसांसाठी दोन खोल्या व सूर्यास्तापूर्वीचे भोजन एवढी व्यवस्था व्हावी. आगामी वर्गाच्या वेळी हा प्रयोग करून पाहता येईल.